बर्गरपायी सहा वर्षं

ओडेसा प्रुइटच्या पायाला भिंगरी होती, आणि ती लहानपणापासूनची. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि हिची टाच जमिनीवर टकटक करत असायची. आई मांडीला चिमटा काढायची. आता ओडेसानं पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, चिमटा काढणारी आईही गेली, पण टकटक काही थांबली नाही. तिच्या कचेरीत समोर बसणाऱ्याला टेबल हलताना जाणवायचं. कचेरी म्हणजे पूर्वीचं नखं रंगवायचं दुकान. भिंतीवरची गुलाबी फुलं अजून तशीच होती. नवखा माणूस घाबरून विचारायचा, भूकंप होतोय का. तसं विचारणं आमच्या किनाऱ्यावर अगदीच वेडेपणाचं नाही. मग शेजारच्या टेबलावरून तिची मदतनीस डेल्फीन सांगायची, "काही नाही हो, मिस ओडेसा विचार करतायत."

विचार करण्यासारखं पुष्कळ होतं. आमच्या शहराचे दोन भाग. टेकडीवरचे आणि सपाटीवरचे. टेकडीवरून खाडी दिसते, सपाटीवरून टेकडी दिसते. गांजा दोन्हीकडे सारखाच ओढला जायचा, पण पोलिसांच्या गाड्यांना चढ चढायचा कंटाळा असावा. पंचवीस-तीस वर्षं छापे पडले ते सपाटीवर. ओडेसा तेव्हा न्यायालयात जुन्या खटल्यांच्या नकला देणाऱ्या खिडकीत बसायची. रोज हातातून जाणाऱ्या कागदांवर तिच्याच गल्ल्यांची नावं, तिच्याच शाळेतली पोरं. एकदा तिनं साहेबाला विचारलं की टेकडीवरचे लोक काय फक्त चहा पितात का. साहेबानं तिची तळघरात बदली करून टाकली. तिनं वर्षभरात नोकरी सोडली आणि लोकांचे जुने गुन्हे सरकारी नोंदीतून पुसून द्यायचं काम सुरू केलं.

मग कायदा फिरला आणि गांजा राजरोस झाला. ज्या पुडीसाठी सपाटीवरच्या पोरांना बेड्या पडल्या होत्या, तीच पुडी काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली, सोनेरी चिठ्ठी लावून विकायला ठेवली गेली, आणि कपाटामागे उभे कोण, तर टेकडीवरच्यांचे चिरंजीव. चोर सोडून संन्याशाला फाशी हे ठीक, ते जगात चालतंच. पण इथे संन्याशाला फाशी देऊन त्याचीच झोळी विकायला काढली होती. ओडेसाचं डोकं फिरलं. तिनं माणसं जमवली, नगरसेवकांच्या दारात ठाण मांडलं, आणि पदरात पाडून घेतलं ते हे, की विक्रीचे निम्मे परवाने ज्यांनी मार खाल्ला त्यांना. आम्ही त्याला वाट्याचा परवाना म्हणतो.

हे तिला मिळालं ते मुख्यतः एका गोष्टीच्या जोरावर. नगर परिषदेच्या सभेत कुणालाही बोलता येतं, पण माणशी एक मिनिट. आपलं मिनिट दुसऱ्याला देता येतं. नाव पुकारलं की उभं राहून तसं म्हणायचं, बस. ओडेसा मिनिटं गोळा करायची. चर्चमध्ये थाळी फिरावी तशी रांगांतून फिरायची, आणि आठ-दहा मिनिटं जमली की माइकपाशी जाऊन आपल्या धाकट्या भावाची गोष्ट सांगायची. "तो आमच्या कोपऱ्यावर बस्टरच्या टपरीवर बर्गर घ्यायला गेला," ती म्हणायची, "आणि बर्गर घेऊन परत आला तो सहा वर्षांनी. तोवर बर्गर गार झाला होता." सभागृह हसायचं. मग ती खिशात सापडलेल्या चार पुड्यांचं सांगायची, विकायच्या इराद्याचं कलम, सक्तमजुरी, आणि हसणारे गप्प व्हायचे. घरातही ते वाक्य म्हणीसारखं झालं होतं. कुणी उगाच हट्टाला पेटलं की आई म्हणायची, बर्गरपायी सहा वर्षं.

परवाना कुणाला, याचा पहिला मसुदा आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, राज्यात कुठेही गांजापायी शिक्षा झालेला कुणीही. ओडेसानं टेबलावर मूठ आपटली. म्हणजे टेकडीवरच्या वकिलाचा पोरगा कॉलेजात समुद्रावर ओढताना सापडला, पन्नास डॉलर दंड भरला, आणि आता तो आमच्या रांगेत उभा राहणार? तिनं नियम आवळून घेतला. शिक्षा याच शहरात झालेली हवी. नाहीतर गेल्या वीस वर्षांतली दहा वर्षं, ज्या पोलीस बीटांमध्ये छापे पडायचे तिथे राहिलेला हवा. त्या रविवारी चर्चच्या बायकांनी तिला रताळ्याचे गोड केक आणि तळलेल्या माशांची परात पाठवली. ओडेसानं उभ्याउभ्याच खाल्लं.

भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी आला. अर्लिस त्याचं नाव. तुरुंगातून सुटल्यावर त्याला आईकडे येता आलं नव्हतं. आई आणि ओडेसा राहायच्या ती सरकारी घरं होती, आणि शिक्षा झालेल्या माणसाला त्या फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. आई डब्यात डुकराच्या मटणाबरोबर शिजवलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव घेऊन रस्ता ओलांडायची, आणि तो बस्टरच्या टपरीच्या बाकावर बसून जेवायचा. मग त्यानं स्टॉकटनला, दोन तासांच्या वाटेवर, फळबागांत काम धरलं आणि तिकडचाच झाला. आला तो पीचची पेटी घेऊन. पेटी टेबलावर ठेवून म्हणाला की त्याला परत यायचंय, इथे, आपल्या माणसांत. एक जुनी गाडी घ्यायची, वाट्याचा परवाना काढायचा, आणि गुडघ्या-कंबरेची म्हातारी माणसं आहेत त्यांना घरपोच गांजाचं मलम आणि थेंब पोचवायचे. सगळं त्यानं ठरवून ठेवलं होतं. गाडीचा रंगसुद्धा.

ओडेसाला भरून आलं. इतके दिवस तिनं परक्यांना परवाने काढून दिले, आज कधी नव्हे तो घरचा माणूस समोर होता. तिनं अर्ज ओढला, पेन घेतलं आणि मुद्दाम कडक आवाजात विचारलं, "अटक कुठे झाली?"

"तुला माहीत नाही? आठ वर्षं साऱ्या जगाला सांगत फिरतेस."

"विचारावं लागतं रे."

"लिही मग. बस्टरची टपरी."

तिनं टपरीचा पत्ता लिहायला घेतला आणि पेन थांबलं. टपरी शहराच्या हद्दीच्या रस्त्याच्या पलीकडे होती. आमच्या सरकारी घरांच्या फाटकाच्या अगदी समोर, ओरडलं तर ऐकू येईल इतकी जवळ, पण पलीकडे. आणि पलीकडची बाजू दुसऱ्या शहराची. आमच्यापैकी कुणीच ती कधी दुसरी मानली नाही. दोन्ही फुटपाथांवर तीच माणसं, तीच लग्नं, तीच भांडणं. फरक कळायचा तो फक्त कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी, आमचे बुधवारी आणि त्यांचे शुक्रवारी. "आमच्या कोपऱ्यावर" असं ओडेसानं शंभर वेळा म्हटलं, सभागृहातल्या आमच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही की तो कोपरा आमचा नव्हताच. अर्लिसला शिक्षा झाली ती दुसऱ्या शहराच्या नावानं.

तिनं घाईघाईनं राहण्याची वर्षं मोजली. गेल्या वीसांतली, अटकेआधीची, चार होती. नंतर सहा तुरुंगात, आणि पुढची सगळी स्टॉकटनला. तुरुंग काही आमच्या बीटमध्ये नव्हता. तिची टाच इतकी जोरात हलायला लागली की पेटीतलं एक पीच घरंगळून खाली पडलं.

अर्लिसनं ते उचललं, बाहीला पुसलं. "नियमात बसत नाही ना मी?"

"बसशील. बघते मी."

"डेस, हा नियम कुणी केला?"

तिनं पेनाला टोपण लावलं. तो हसला, आणि ते हसणं तिला फार लागलं. "माझीच गोष्ट सांगून दार उघडलंस," तो म्हणाला, "आणि मलाच बाहेर ठेवलंस होय गं."

त्या दिवसापासून ओडेसाला घर खायला उठलं. तिनं स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा रिकामी केली. गाडी घेऊन निघायची आणि कशाला निघालो ते विसरून हद्दीच्या रस्त्यावर पोचायची. तिथे फाटकासमोर उभी राहून पलीकडे बघायची. चार गाड्यांची रुंदी. तिला वाटायचं, हा मूर्ख पाच मिनिटं उपाशी राहिला असता तर काय मेला असता? मग स्वतःचीच लाज वाटायची. आणि करायचं ते लगेच करायला हवं होतं, कारण वीस वर्षांची मोजणी दरवर्षी पुढे सरकते. तुरुंगातली सहा धरली तर अर्लिसची या वर्षी बरोबर दहा भरत होती. नवं वर्ष लागलं की जुन्यातलं एक गळून पडणार आणि उरणार नऊ. मग जन्मभर नियम बदलत बसली तरी त्याचा उपयोग नव्हता.

तिनं दुरुस्ती लिहून काढली. माणूस ज्या घरातून तुरुंगात गेला, तुरुंगातली वर्षं त्याच घराच्या बीटमध्ये धरा. सरकारनं माणूस उचलून न्यायचा आणि वर त्यालाच विचारायचं की तू घरी का नव्हतास, हे कुठलं शहाणपण? डेल्फीनला ते एकदम पटलं. टॅरेलला पटलं नाही. टॅरेल हा तिनं काढून दिलेल्या पहिल्या परवान्याचा धनी, हुशार पोरगा, ओडेसाच्या डोळ्यांसमोर वाढलेला. नावाला दुकान त्याचं आणि पैसा टेकडीवरच्या भागीदाराचा, म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण तेही थोडं पीठ त्याच्या हाताला लागत होतं. तो कचेरीत आला आणि दार लावून घेतलं.

"आँटी, परवाने वाढले की आम्ही मेलो. पण ते राहू दे. नियम तू आवळलास. आता भावाला बसत नाही म्हणून उसवायला निघालीस. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

"खोटं तरी म्हणतील का?"

ओडेसानं त्याला दार दाखवलं. पण पोरगं खरं बोलत होतं, आणि खरं बोललं म्हणूनच तिचा संताप झाला होता. तुरुंगातली वर्षं मोजायला हवीत हे तिला आठ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. दुसऱ्याचं जळत होतं तोवर ती भाषणं करत होती. कळलं ते स्वतःचं जळलं तेव्हा. म्हणून या वेळी तिनं मिनिटांसाठी थाळी फिरवली नाही. घरच्या कामाला लोकांचा वेळ मागायला तिची जीभ रेटेना. फक्त अर्लिसला फोन करून सांगितलं की ये, बोलणाऱ्यांत नावाची चिठ्ठी टाक आणि तुझं मिनिट मला दे. दोन मिनिटांत कसंबसं बसवते.

"बोलणं तुझं काम," तो म्हणाला. "येतो."

सभेला तो कडक इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला आणि तिच्या शेजारी बसला. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. त्या घड्याळात लाल आकडे साठापासून खाली उतरतात. माणसं एकेक करून पुढे जात होती. आमच्याकडे बोलण्याआधी नाव आणि आपला प्रभाग सांगायची रीत आहे, आणि लोक ती ऐटीत पाळतात. प्रभाग सहा, इथेच जन्मलो, इथेच मरणार, असं म्हणून अर्धं मिनिट त्यातच घालवणारेही आहेत. टेकडीवरच्या एका सूटवाल्यानं सांगितलं की नियम सारखे सैल केले तर कायद्याला अर्थ उरणार नाही. टॅरेलनंही जवळजवळ तेच सांगितलं, फक्त ओडेसाकडे न बघता. ओडेसा हातातला कागद गुंडाळत होती, उलगडत होती. सुरुवात तीच होती. आमच्या कोपऱ्यावर, बस्टरच्या टपरीवर. ती खोडावी की ठेवावी हे तिचं अजून ठरत नव्हतं.

चिटणीस बाईंनी पुकारलं, "अर्लिस प्रुइट."

"नुसतं इतकंच म्हण," ती कुजबुजली, "माझं मिनिट ओडेसा प्रुइटला."

तो उठला. जागेवरून म्हणाला असता तरी चाललं असतं, पण तो चालत माइकपाशी गेला. तिला वाटलं, याला रीत माहीत नाही.

"माझं नाव अर्लिस प्रुइट. प्रभाग..." तो अडला. "मला प्रभाग नाही. मी स्टॉकटनहून आलोय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ओडेसा अर्धी उठून पुन्हा बसली.

"माझी बहीण तुम्हाला माझी गोष्ट सांगते. बर्गरची. चांगली सांगते, मीही हसतो. तिला तसं मीच सांगितलं होतं, तिला आणि आईला. पण मला त्या दिवशी भूक नव्हती. आमच्या घरांचा नियम होता, पोराकडे फाटकाच्या आत पुडी सापडली तर आईचं घर खाली करायचं. पोराला वेगळी शिक्षा, आईला वेगळी. मी जिन्यात होतो. पुड्या खिशात होत्या आणि पोलिसांची गाडी फाटकाकडे वळत होती. टाकायला जागा नव्हती. म्हणून मी रस्ता ओलांडला. पलीकडे पकडलं तर ते फक्त मला पकडणार, घराला नाही. आईला हे कळलं असतं तर..."

घंटी वाजली. घड्याळावर शून्य होतं. चिटणीस बाईंनी हलक्या आवाजात आभार मानले, आणि तो बाजूला झाला.

ओडेसाला काही ऐकू येत नव्हतं. ते घर. त्या घरात ती पुढे अकरा वर्षं राहिली होती. तिची मुलगी त्याच घरातून शाळेत गेली, आईनं त्याच घरात डोळे मिटले, आणि "मी याच बीटमधली" असं छाती पुढे काढून ती जे म्हणायची ते त्याच घराच्या जोरावर. आणि तिनं या सभागृहाला त्याच्यावर हसवलं होतं. एकदा नाही, वर्षानुवर्षं. भर लोकांत आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

"ओडेसा प्रुइट," चिटणीस बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या. डेल्फीननं तिला कोपरानं ढोसलं.

ती माइकपाशी गेली. कागद मुठीत चुरगळलेला होता. कित्येक आठवड्यांच्या पाठांतरातला एक शब्द तिला सापडेना, आणि सापडला असता तरी तो आता तिचा नव्हता.

"ओडेसा प्रुइट. प्रभाग सात. माझं मिनिट त्याला."

"मिस प्रुइट, त्यांचं बोलून झालंय."

"नाही झालं. तो आईपर्यंतच आला होता."

चिटणीस बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि मान हलवली. घड्याळावर पुन्हा साठ लागले. अर्लिस परत माइकपाशी आला. ओडेसा बाजूला झाली नाही, तिथेच त्याला खेटून उभी राहिली.

"आईला कळलं असतं तर ती त्या घरात राहिली नसती," तो म्हणाला. "म्हणून बर्गर. आता तुम्ही विचारता ती सहा वर्षं मी कुठे होतो. मी त्या घराचं भाडं भरत होतो. ती मोजा. एवढंच."

एवढंच म्हणून तो गप्प झाला. घड्याळावर अजून बराच वेळ शिल्लक होता. फुकट जाणारा एक सेकंद ज्या बाईला कधी सोसला नाही, ती लाल आकडे उतरताना बघत उभी राहिली. तिच्या टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. शेवटी घंटी वाजली तेव्हा सगळे दचकले.

दुरुस्ती एका मतानं कशीबशी पास झाली. टॅरेलनं येऊन अर्लिसचा हात हातात घेतला आणि गेला. बाहेर पायऱ्यांवर ऊन उतरलं होतं. गाडीच्या किल्ल्या सापडेनात म्हणून ओडेसानं पर्स पायरीवर उपडी केली. रुमाल, गोळ्या, सुटे पैसे, सगळं खाली पडलं. अर्लिस खाली बसून एकेक वस्तू तिला उचलून देत होता.

"मला सांगितलं का नाहीस?" ती अखेर म्हणाली. "निदान मला."

"तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

ते खरं होतं. त्यानं किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चल, डेस," तो म्हणाला. "बस्टर अजून उघडं असेल. मला भूक लागलीय."